डुकराच्या रक्तातला तोतया

ब्रुसेला सुईस या जिवाणूमुळे डुकरिणी गाभडतात, नरांचे वृषण सुजतात. त्याचा माग रक्तातल्या प्रतिपिंडांवरून काढतात. सर्वांत स्वस्त चाचणी रोझ बेंगालची: सीरमचा एक थेंब, गुलाबी रंगवलेल्या मृत जिवाणूंचा एक थेंब, ४ मिनिटं हलवायचं. गुठळ्या दिसल्या की नमुना पॉझिटिव्ह. गंमत म्हणजे हे रंगवलेले जिवाणू ब्रुसेला अबॉर्टसचे, म्हणजे गुरांच्या रोगाचे असतात. दोघांच्या पृष्ठभागावरची शर्करासाखळी जवळपास सारखीच, त्यामुळे चालून जातं.

पंचाईत अशी, की तशीच साखळी येर्सिनिया एंटरोकोलिटिका ओ ९ या आतड्यातल्या जिवाणूवरही असते आणि तो डुकरांत सर्रास आढळतो. १९९०च्या दशकात पश्चिम युरोपातल्या ब्रुसेलामुक्त कळपांतही चाचण्या पॉझिटिव्ह येऊ लागल्या, त्यामागे मुख्यतः हाच तोतया होता. एलायझा ही दुसरी प्रतिपिंड-चाचणीही बहुधा याच साखळीवर बेतलेली, तेव्हा तिथेही फसगत होतेच. एकट्या डुकराच्या निकालावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. कळपच बघावा लागतो. शंका उरलीच तर ब्रुसेलिनची त्वचाचाचणी आहे. तिच्यात ही साखळी नसलेली जिवाणूची प्रथिनं टोचतात आणि ४८ तासांनी सूज तपासतात.