भिंतीवर परतणारा दगड

पुण्याच्या विश्रामबागवाड्यासमोर उभं राहिलं की नजर खिळते ती सुरूच्या झाडासारख्या घडवलेल्या सागवानी खांबांवर. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास हा वाडा बांधला. १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला, आणि तो पुन्हा उभारला गेला. लाकडी नक्षीचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र जुन्या वास्तूंच्या जतनात सगळ्यात नवल वाटतं ते चुन्याचं.

चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून हाती लागतो जेमतेम ५६ किलो कळीचा चुना. उरलेले ४४ किलो चक्क हवेत! या कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो खदखदतो, वाफा सोडतो आणि विझतो. मग वाळूबरोबर घाण्यात मळून भिंतीवर चढला की तोच वायू हवेतून परत घ्यायला लागतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो.

हे डोळ्यांनी पाहताही येतं. नव्या गिलाव्याचा नुकता तोडलेला तुकडा घेऊन त्यावर शाळेच्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलिन शिंपडायचं. बाहेरची कड बिनरंगी राहते, आतला गाभा गडद गुलाबी होतो. गुलाबी भाग म्हणजे अजून दगड न झालेला चुना! जाड भिंतीच्या पोटात हे काम वर्षानुवर्षं चालतं. बारीक भेगेत पाणी झिरपलं, तर त्यात विरघळलेला चुना तिथेच पुन्हा साकळून भेग बुजवतो. भिंत स्वतःची डागडुजी स्वतः करते!

अशा भिंतीवर सिमेंट थापलं की घात होतो. चुन्याच्या गिलाव्यातून ओल सहज बाहेर पडते; सिमेंट तिला आत कोंडतं. मग विटांना लोणा लागतो, त्यांचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीत बसवलेली लाकडी तुळई कुजू लागते. गिलावा विटेपेक्षा नरम हवा, कारण झिजायचं ते त्याने. तो पुन्हा करता येतो, दोनशे वर्षांची वीट पुन्हा आणता येत नाही.

तुमच्या गावात जुना वाडा असेल आणि त्याच्या दुरुस्तीचा विषय निघाला, तर सिमेंटची गोणी फोडण्याआधी चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा.