बंधारा पक्का, पाणी वळते

रमजानचा महिना कधीच एका ऋतूत मुक्काम करीत नाही. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ साली तो मेच्या मध्यावर सुरू झाला होता. जळगाव-धुळ्याचा मे महिना म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. तेव्हा रोजा पंधरा तासांच्या आसपास होता. हाच महिना भर हिवाळ्यात येतो तेव्हा रोजा बारा-साडेबारा तासांत उतरतो. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य, हा नियम मात्र दोन्ही वेळी तोच. तो घड्याळाच्या काट्याला नाही, सूर्याला बांधलेला आहे. म्हणून ऋतू बदलला तरी मोडत नाही.

स्वतःला घडवायला निघालेल्या माणसाला यात शिकण्यासारखे बरेच आहे. पाडव्याला, नव्या वर्षाला किंवा वाढदिवसाला आपण सगळेच संकल्प करतो. पहाटे पाचला उठायचे, तासभर चालायचे, रोज दोन तास अभ्यास करायचा. पंधरा दिवस सगळे छान चालते. मग घरात लग्न निघते, ताप येतो, गावाला जावे लागते. एक दिवस चुकतो, आणि त्या एका दिवसापायी अख्खा संकल्प बुडतो. इच्छा कमी पडली, असे आपण म्हणतो. पुष्कळदा इच्छा भरपूर असते. वाकायची जागाच ठेवलेली नसते.

रोजाच्या नियमात ती जागा पहिल्यापासून आहे. आजारी आणि प्रवासी यांना रमजानमध्ये रोजा न ठेवण्याची मुभा खुद्द कुरआनने दिली आहे. गरोदर आणि अंगावर दूध पाजणाऱ्या बाईला जिवाची किंवा बाळाची काळजी असेल, तर तिलाही सवलत आहे. सुटलेले रोजे नंतर, सोयीच्या दिवसांत भरून काढायचे. त्याला कजा म्हणतात. वार्धक्यामुळे किंवा बऱ्या न होणाऱ्या आजारामुळे ज्याला पुढेही रोजा शक्य नाही, त्याने प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालायचे, तो फिदिया. नमाजचेही तसेच. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडल्या पडल्या. वजूला पाणी नसेल तर स्वच्छ मातीने तयम्मुम. नमाज सुटत नाही, तिची रीत वाकते.

तरीही दर रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यांतून एक वाद ऐकू येतो. मुलगा म्हणतो, “अम्मी, डॉक्टरांनी नको म्हटलंय. इन्शुलिन चालू आहे तुमचं.” अम्मी म्हणतात, “चाळीस वर्षं रोजे ठेवले मी. आता काय सोडून देऊ?” शेजारच्या वाड्यात निर्जळा एकादशीला हाच संवाद आई आणि सुनेत होत असेल. अम्मींची श्रद्धा खरी आहे, पण मुलाचेही खरे आहे. मधुमेहात साखर एकदम उतरली किंवा अंगातले पाणी कमी झाले, तर प्रसंग जिवावर बेततो. अशा वेळी सवलत घेणे म्हणजे नियम सोडणे नव्हे. तीही नियमाचाच भाग आहे. फिदियाचे ताट ज्या घरातून निघते, त्या घराचाही रमजान पुरा होतो.

सवलत आणि पळवाट यांतला फरक मात्र ओळखायला हवा. तो पाहायला आपल्याला खान्देशाबाहेर जावे लागत नाही. साक्री तालुक्यातून धुळ्याकडे येणाऱ्या पांझरेच्या काठी काही शतके फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. पुढच्या हंगामात पिकांची अदलाबदल. शेतकऱ्याची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत विभागलेली. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या.

पाऊस कमी झाला की यंदा कोणत्या फडाला पाणी द्यायचे आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे सगळे मिळून आधीच ठरवत. प्रत्येकाची थोडी जमीन भिजे, थोडी कोरडी राही. एकटा कुणी बुडत नसे. बंधारा आणि पाट जागचे हलत नसत, पाणी मात्र वर्ष पाहून वळे. पुढे विहिरी, मोटारी आणि मोठी धरणे आली, आणि पुष्कळ ठिकाणी ही घडी विस्कटली. पण तिच्यातले शहाणपण जुने झालेले नाही. काय कमी करायचे हे आधी, सर्वांसमक्ष ठरले तर ती सवलत. पाण्याची पाळी आल्यावर ज्याने त्याने मनाला येईल तसे दार उघडले, तर ती पळवाट. रोजाची कजाही अशीच आहे. आज सुटला, पण हिशेबात राहिला.

पाया मोजक्या गोष्टींचा असला की तो कुठेही बरोबर नेता येतो. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी गीतेचा एक अध्याय, असे अठरा रविवार त्यांनी प्रवचने दिली आणि अमळनेरात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. बाकी सारे हिरावलेले होते. वार आणि अध्याय एवढेच ठरलेले होते. तेवढ्यावर ‘गीता प्रवचने’ उभी राहिली. याच विनोबांनी पुढे अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केला आणि त्यातील निवडक आयतींचे संकलन केले. २०२० च्या रमजानमध्ये टाळेबंदीमुळे मशिदींत जमता येत नव्हते, तेव्हा रात्रीची तरावीहची नमाज घराघरांत झाली. दिवाणखान्यात बाप पुढे, मुले मागे. जागा बदलली, तरावीह चुकली नाही.

ईदनंतर काय टिकवायचे, याचा विचार म्हणून आत्ताच करायला हवा. सगळा रमजान वर्षभर चालवू म्हणणारा आठवड्यात थकतो. अल्लाहला ते काम अधिक प्रिय, जे थोडे असले तरी नित्य होते, अशी पैगंबरसाहेबांची शिकवण हदीसमध्ये आहे. तेव्हा दोन-तीनच गोष्टी निवडाव्यात. सहेरीमुळे लागलेली पहाटे उठायची सवय, रोजची दोन पाने वाचन, महिन्याला ठरावीक रक्कम गरजूसाठी. स्पर्धा परीक्षेला बसलेल्या मुलाने वीस मिनिटांचा अभ्यास पक्का धरावा. जास्त होईल तो नफा.

आणि प्रत्येक गोष्टीपुढे तिची सवलतही आजच लिहून ठेवावी. आजारात किती, प्रवासात किती, आणि सुटले तर कोणत्या दिवशी भरायचे. रोजा ठेवणारा असो, एकादशी धरणारा असो वा कोणताच उपवास न करणारा, हा हिशेब सगळ्यांना सारखाच उपयोगी आहे. ईदच्या चांदरातीपर्यंत अजून दिवस आहेत. एका कागदावर तेवढे लिहायला पुरेसे आहेत.