मीठ फुटतं, मग चांदी का पसरते? लखनऊच्या वर्खातलं विज्ञान

काजूकतलीवरचा चंदेरी वर्ख तुम्ही कितीदा तरी खाल्ला असेल. पण फुंकरीने उडणारा हा पापुद्रा खऱ्या चांदीचा असतो आणि तो हातोड्याने ठोकून बनवतात, हे तुम्हाला माहीत आहे का? लखनऊच्या जुन्या चौक भागात वर्ख ठोकण्याची परंपरा आहे. विड्यासारखी घडी घातलेली तिथली मलाई गिलौरीही वर्खानेच सजते.

वर्ख कसा बनतो?

चांदीच्या पातळ पट्टीचे छोटे तुकडे करतात. जाड वहीसारख्या गठ्ठ्याच्या पानांमध्ये एकेक तुकडा ठेवतात आणि वरून तासन्‌तास हातोडा चालवतात. घाव पडतील तशी चांदी चहूबाजूंनी पसरत जाते. आता यंत्रांवरही वर्ख बनतो.

खाण्याच्या वर्खासाठी एफएसएसएआयचं मानक आहे. चांदी ९९९ शुद्धतेची हवी आणि एक चौरस मीटर वर्खाचं वजन जास्तीत जास्त २.८ ग्रॅम हवं. हिशेब करून पाहा. एका मिलिमीटरचे साधारण ३,७०० भाग केले, तर त्यातल्या एका भागाइतकी ही जाडी!

चांदी तुटत का नाही?

घरी एक सोपा प्रयोग करा. जाड्या मिठाच्या खड्यावर बत्ता मारा, खडा फुटेल. तांब्याच्या तारेवर मारा, तार चपटी होईल. दोन्ही पदार्थ घनच आहेत. फरक आहे तो अणूंना बांधून ठेवणाऱ्या रासायनिक बंधांचा.

मिठात सोडियमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन एकाआड एक बसलेले असतात. याला आयनिक बंध म्हणतात. घाव बसला की थर सरकतो आणि धनासमोर धन, ऋणासमोर ऋण येतो. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो.

चांदीत मात्र प्रत्येक अणू आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन जणू सामाईक खात्यात जमा करतो. हे इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंमध्ये मोकळे फिरतात आणि सगळ्यांना धरून ठेवतात. हा धातुबंध. इथे थर सरकला तरी शेजारी बदलतो, बंध टिकतो. शाळेच्या पुस्तकातली ‘वर्धनीयता’ ती हीच.

हिऱ्यात तर प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी सहसंयुज बंधाने घट्ट जोडलेला असतो. म्हणून हिरा अतिशय कठीण, पण त्याचा वर्ख कधीच होणार नाही!

खरा वर्ख कसा ओळखाल?

ॲल्युमिनियमही धातूच, म्हणून तोही ठोकला की पसरतो. याच गुणाचा फायदा घेऊन भेसळ होते. मिठाई घेताना एवढं करा:

• वर्ख दोन बोटांत चोळा. चांदीचा वर्ख भुकटी होऊन जातो, ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे उरतात.
• वर्ख चिमट्यात धरून जाळला, तर चांदीची चकचकीत गोळी बनते, ॲल्युमिनियमची काळपट राख होते. ही चाचणी मोठ्यांनीच करावी.
• घरात शाकाहार पाळत असाल, तर तेही विचारून घ्या. वर्ख ठोकायच्या गठ्ठ्यात पूर्वापार प्राण्यांच्या आतड्याचा किंवा चामड्याचा वापर होत आला आहे.

दुकानदाराला विचारायला संकोच करू नका. पोटात जाणाऱ्या गोष्टीची चौकशी करणं हा तुमचा हक्कच आहे.