बर्फ उतरावा, पण पागोळ्यांनी

हिमवृष्टी थांबून ऊन पडलं, की ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, जुन्या इमारतींच्या भिंतींना लाकडी पट्ट्या तिरप्या टेकवलेल्या दिसतात. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी समजून घ्यायचं : वर छपरावरचा बर्फ सुटायच्या बेतात आहे, लांबून चाला.

छप्पर उतरतं करायचं ते बर्फ साचू नये म्हणून. मग त्याच छपराच्या वळचणीजवळ लोखंडी जाळी, आडवे पाइप किंवा आल्प्समधल्या जुन्या घरांवर दिसतात तसे आडवे ओंडके लावून तो अडवायचा कशाला?

कारण बर्फ सावकाश घसरत नाही. कडाक्याच्या थंडीत तो छपराला गोठून चिकटलेला असतो. घरातली ऊब वर पोचली किंवा पत्र्याचा उघडा भाग उन्हाने तापला, की तळाचा थर आधी वितळतो. पाण्याच्या त्या पातळ थरावरून वरची अख्खी लादी एकदम सुटते. खडबडीत कौलांपेक्षा गुळगुळीत पत्र्यावर आणि सौर पॅनेलच्या काचेवर हे लवकर घडतं.

आता हिशेब करू. छपराची एक बाजू १० मीटर लांब, ५ मीटर उतरती. तिच्यावर ३० सेंटिमीटर जुना, दबलेला बर्फ. घनमीटरला ३०० किलो धरले तरी वजन भरतं साडेचार टन. सहा मीटर उंचीवरून निसटलेला तुकडा जमिनीवर आदळतो तो ताशी सुमारे ३९ किलोमीटर वेगाने. पन्हळ उखडते, गाडीचा टप चेपतो, माणूस सापडला तर जिवावर बेततं.

वळचणीजवळचा तो अडसर, म्हणजे स्नो गार्ड, ही लादी जागीच धरून ठेवतो. बर्फ मग वरच्या वर वितळतो आणि पागोळ्यांनी खाली येतो. मात्र उतार ४५ अंशांचा असेल, तर साडेचार टनांपैकी सुमारे ३,२०० किलोंइतका जोर उताराच्या दिशेने लागतो. घर्षणाने त्यातला काही कमी होतो, पण तळ ओला झाल्यावर त्याचा भरवसा नाही. म्हणून गार्डचा आधार नुसत्या कौलाला देऊन भागत नाही. तो खालच्या वाशांपर्यंत पोचवावा लागतो. लांब उतारावर एकाच ओळीवर भार येऊ नये म्हणून दोन-तीन ओळी लावतात. शिवाय अडवलेलं वजन छपरालाच पेलावं लागतं.

जपानच्या शिराकावा-गो गावात गवताने शाकारलेली, जवळपास ६० अंश उताराची छपरं बर्फ खाली सोडूनच देतात. छपराखाली मोकळी जागा असेल तर तेच सोयीचं. दार, पायवाट किंवा गाड्या असतील, तर मात्र गार्ड हवाच.