मावशीचे ऑपरेशन आणि न विचारलेले प्रश्न

हा विषय कॉलेजच्या मासिकात कशाला, असे एका मैत्रिणीने मला विचारले. पण घरात वेळ आली म्हणजे हे कुणाला विचारावे तेच बायकांना कळत नाही, हे मी पाहिले आहे, म्हणून लिहिते.

माझ्या मावशीला स्तनांच्या अवाजवी भारामुळे कित्येक वर्षे मान व पाठ दुखण्याचा त्रास होता. खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ, उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी सोललेली. अखेर बेळगावच्या एका इस्पितळात तिचे ऑपरेशन झाले. यात जादा चरबी, ग्रंथी व कातडी काढून स्तनाग्र वर, योग्य जागी आणतात. ओघळलेले स्तन नुसते उचलून घेण्याच्या ऑपरेशनात मुख्यतः कातडीच कमी करतात. टाके आणि नंतरची काळजी मात्र दोहोंत बरीचशी सारखी.

सोबतीला मी राहिले. नर्सबाई विचारीत, "नोवु ऐतेन्री?" मावशी "इल्ला री" म्हणून आढ्याकडे पाहत राही. वास्तविक पहिले दोन-तीन दिवस दुखतेच. ते सोसण्यात शहाणपण नाही. दुखत असले की माणूस खोल श्वास घेत नाही, उठून चालत नाही. आणि न चालल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते.

घरी आल्यावर प्रश्न सुरू झाले. कुशीवर झोपू का? काही आठवडे उताणेच, पाठीशी उशा घेऊन. घागर कधी उचलू? साधारण चार ते सहा आठवडे जड काही नाही, आणि माळ्यावरचे डबे काढणेही नाही. आधाराची घट्ट बॉडी रात्रंदिवस. ती मावशीला जाचे, पण सूज आवरायला तीच उपयोगी.

बाराव्या दिवशी मात्र घोटाळा झाला. स्तनाखाली उभी शिवण आडव्या शिवणीला मिळते, तिथे जखम नखाएवढी उसवली. तिथे कातडीवर ताण सर्वांत जास्त आणि रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे उसवली तर बहुधा तिथेच उसवते. डॉक्टरांनी विचारले, "तंबाखू खाता का?" मावशी म्हणाली, "छे!" खाणे नव्हतेच म्हणा; पण पहाटे चुलीपुढे बसून मशेरी लावणे वीस वर्षांचे. ऑपरेशनपूर्वीही हाच प्रश्न झाला होता आणि हेच उत्तर. या वेळी मी सांगून टाकले. मावशी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातले निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांच्या कडांना रक्त पुरत नाही. क्वचित स्तनाग्राचाही रक्तपुरवठा तुटतो. म्हणून ऑपरेशनआधी व नंतर किमान चार आठवडे विडी, गुटखा, मशेरी सारे बंद ठेवायला सांगतात. मावशीची जखम रोजच्या ड्रेसिंगने भरली, पण पाच आठवडे गेले.

काही प्रश्न ती फक्त मलाच, दिवे मालवल्यावर विचारी. स्तनाग्र बधिर का? लहान मज्जातंतू दुखावतात म्हणून; संवेदना बहुधा काही महिन्यांत परतते, क्वचित कायमची जाते. दोन्ही बाजू सारख्या का नाहीत? सूज सारखी उतरत नाही. आकार बसायला तीन ते सहा महिने लागतात. वण आधी लालसर दिसतात, वर्षा-दीड वर्षात फिके पडतात, पुसले जात नाहीत. आपल्या वयाच्या मुलींनी आणखी एक विचारून ठेवावे: पुढे बाळाला दूध पुरेल का? पुष्कळींना पाजता येते, पण खात्री देता येत नाही.

एकच बाजू अचानक टणक होऊन फुगणे, ताप, पसरणारी लाली, घाण वासाचा स्राव, पोटरी सुजणे, धाप लागणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. मी तोंड उघडण्यापूर्वी मावशीनेच विचारले, "डॉक्टर, देवळातली घंटा वाजवायला हात वर केला तर चालेल ना?" डॉक्टर म्हणाले, चालेल. मग त्यांनी मशेरीचे विचारले. मावशीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बंद आहे, पण डबी अजून टाकलेली नाही."