विश्लेषण : हरणांसाठीचे ‘घरगुती आमिष’ अमेरिकेत वादात का? मिठाच्या खड्ड्याचा ‘झोंबी डिअर’ आजाराशी संबंध काय?

अमेरिकेत परवाना काढून हरणाची शिकार करणे कायदेशीर आहे. अनेक राज्यांत सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाने हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबरमध्ये बंदुकीने तो टिपेला पोहोचतो. हरीण टप्प्यात यावे म्हणून अनेक शिकारी घरीच आमिष तयार करतात. मात्र, आता अनेक राज्यांनी त्यावर निर्बंध घातले आहेत.

बादलीत नेमके काय असते?

सर्वाधिक चालणारी कृती पशुखाद्याच्या दुकानातून येते. दोन भाग खनिजयुक्त मीठ, एक भाग साधे जाडे मीठ आणि एक भाग डायकॅल्शियम फॉस्फेट. आपल्याकडे गोठ्यात टांगलेली चाटण वीट पाहिली असेल, तर हा तोच प्रकार, फक्त सुटा. हे मिश्रण उथळ खड्ड्यात ओततात. पावसाने मीठ मातीत मुरते आणि हरणे ती मातीच चाटून खातात.

यामागे साधे रसायनशास्त्र आहे. वसंतातल्या कोवळ्या पाल्यात पाणी आणि पोटॅशियम भरपूर असते, सोडियम मात्र अगदी कमी. ती तूट भरून काढायला हरीण मीठ शोधते. नराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने वाढतात, त्यांना कॅल्शियम-फॉस्फरस लागते. म्हणून कृतीत डायकॅल्शियम. पण हरणाला खड्ड्यापर्यंत ओढून आणते ते मीठच.

गंमत म्हणजे ऐन हंगामात ही ओढ ओसरलेली असते. मग मका, सफरचंद, पीनट बटर, काकवी पुढे येते. माजाच्या काळात मादीच्या मूत्राचा वासही वापरतात. ते बाटलीबंद मिळते आणि बहुतेकदा बंदिस्त हरणांच्या फार्मवरून येते.

मक्याचा एक धोका वेगळाच. हिवाळ्यात डहाळ्या चघळणाऱ्या हरणाने अचानक भरपूर मका खाल्ला, तर पोटात आम्ल वाढून ते पोट भरलेले असतानाच दगावू शकते.

मग ‘झोंबी डिअर’ कुठून आले?

हे माध्यमांनी दिलेले नाव. आजाराचे खरे नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे ‘सीडब्ल्यूडी’. 1967 मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांमध्ये तो प्रथम दिसला. आज तो अमेरिकेतील 30 हून अधिक राज्यांत आहे. कॅनडा, दक्षिण कोरिया, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्येही तो आढळला आहे. त्याचे कारण जीवाणू किंवा विषाणू नाही, तर प्रिऑन नावाचे चुकीच्या घडीचे प्रथिन. हरीण खंगत जाते, लाळ गळते आणि शेवटी मरते. लस नाही, उपचारही नाही.

प्रिऑन लाळ, मूत्र आणि विष्ठेतून बाहेर पडते आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. मिठाच्या खड्ड्याची अडचण इथे आहे. एरवी रानात पांगलेली हरणे एकाच जागी तोंड लावतात. विस्कॉन्सिनमध्ये संशोधकांना अशा चाटणांच्या मातीत आणि पाण्यात प्रिऑन सापडले. त्यामुळे ‘आमच्या मिठात काहीच वाईट नाही’ हा शिकाऱ्यांचा दावा खरा असला, तरी अपुरा आहे. कृती शुद्ध असली, तरी खड्डा सामायिक असतो.

निर्बंध कसे आहेत?

नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मका टाकून शिकार करता येते. विस्कॉन्सिनमध्ये आजार आढळलेल्या जिल्ह्यांत आमिषाला मनाई आहे. व्हर्जिनियाने 2015 मध्ये हरणाच्या मूत्राचा वापर बंद केला. नॉर्वेने तर 2016 मध्ये रेनडिअरमध्ये आजार सापडल्यावर नॉर्डफिएला भागातील 2,000 हून अधिक रेनडिअरचा अख्खा कळपच मारला.

भारतात काय?

आपल्याकडे वन विभागही जंगलात मिठाची चाटणे ठेवतो, पण ती वन्यजीवांच्या पोषणासाठी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच आमिष दाखवणे येते. म्हणजे गोळी झाडली नाही, तरी चितळ-सांबरासाठी आमिष मांडणे हाच गुन्हा ठरू शकतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हंगामात शेजारी किंवा सहकारी हरणाचे मांस आवर्जून देतात. सीडब्ल्यूडी माणसाला झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये, असे तिथली आरोग्य यंत्रणा ‘सीडीसी’ सांगते. शिजवल्याने प्रिऑन नष्ट होत नाही. त्यामुळे डबा घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. हरीण कुठल्या भागातले? चाचणी झाली का? अनेक राज्यांचे वन्यजीव विभाग शिकार केलेल्या हरणाची तपासणी करून देतात.