दुसरी टीम

हैदराबादच्या अफझलगंजचं उस्मानिया रुग्णालय आता गोशामहलला हलणार आहे. मुसी नदीकाठच्या घुमटांच्या जुन्या इमारतीत 2020 च्या पावसाळ्यात वॉर्डांमध्ये पाणी शिरलं आणि ती रिकामी करावी लागली. नव्या इमारतीची पायाभरणी 31 जानेवारी 2025 ला झाली, ती गोशामहलच्या पोलीस मैदानावर. रुग्णालय हवंच, त्यात वाद नाही. पण या शहरात पोलीस आणि मैदान हे शब्द एकत्र आले की जुन्या लोकांना कवायतीच्या आधी फुटबॉल आठवतो.

1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकला. त्याच 1950 मध्ये ड्युरँड चषकही आणला. हा संघ घडवणारे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. काचीगुडा, चादरघाट अशा इथल्याच शाळांमध्ये त्यांनी शिकवलं, आणि चादरघाट म्हणजे अफझलगंजपासून पायी जाण्याइतकं जवळ. 1943 पासून 1963 मध्ये वारेपर्यंत ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकला भारत चौथा आला आणि 1962 ला जकार्ताच्या एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळालं, तेव्हा प्रशिक्षक तेच. अजय देवगणच्या सिनेमानंतर एवढं सगळ्यांना ठाऊक झालं. सिनेमात न मावलेली गोष्ट अशी की रहीमसाहेबांचा अर्धा जीव पुढच्या पिढीत होता. ते पोरांसाठी चमत्कारिक स्पर्धा भरवत. एका स्पर्धेत चेंडू पायाशी घोळवत न्यायला मनाई, आला की पुढे द्यायचा. दुसरीत फक्त कच्च्या पायाने खेळायचं. उजव्या पायाचा बादशहा डाव्याने कसा धडपडतो ते सगळ्या मोहल्ल्यासमोर उघडं पडायचं, म्हणून तो मुकाट्याने घरी सराव करायचा. पोलिसांची दुसरी टीम, म्हणजे राखीव संघ, कागदावर शोधत बसण्यात अर्थ नाही. गल्लोगल्लीचे क्लब हीच ती दुसरी टीम. अम्मुगुडाचे तुळशीदास बलराम आधी रायडर्स क्लबकडून खेळले, मग पोलिसांकडे आले आणि पुढे ईस्ट बंगालला गेले.

पोरं घडवण्याचं हेच काम स्पेनने नियमांत बसवलं. तिथे मोठ्या क्लबचा राखीव संघ देशाच्या साखळीतच खेळतो, पण मुख्य संघापेक्षा निदान एक पायरी खाली. मुख्य संघ घसरून त्याच्या पायरीवर आला, तर राखीव संघाला आणखी खाली ढकलतात. पहिल्या संघाच्या खेळाडूंना 1 ते 25 क्रमांक मिळतात, खालून बोलावलेल्या पोराला 26 च्या पुढचा. त्यामुळे सामना पाहताना पाठीवरच्या आकड्यावरूनच कळतं की हा खालून आलाय.

रेआल माद्रिदच्या राखीव संघाचं नाव कास्तिया. 1980 मध्ये या कास्तियाने राजाच्या चषकात अॅथलेटिक बिल्बाओ, रेआल सोसिएदाद अशा पहिल्या श्रेणीतल्या संघांना धूळ चारत अंतिम फेरी गाठली. समोर कोण? खुद्द रेआल माद्रिद. सामनाही त्यांच्याच बेर्नाबेउ मैदानावर. थोरल्यांनी धाकट्यांना 6-1 असं धुतलं. पण लीगही रेआलनेच जिंकली होती आणि ते युरोपच्या मोठ्या चषकाला जाणार होते, म्हणून चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेची जागा कास्तियाच्या पदरात पडली. तिथे वेस्ट हॅमविरुद्ध घरचा सामना त्यांनी 3-1 ने जिंकला आणि लंडनला जादा वेळेत 5-1 ने मार खाऊन बाहेर पडले. 1990 पासून राखीव संघांना या चषकात प्रवेशच बंद झाला.

मला जास्त भावतं ते 1983-84 चं साल. दुसऱ्या श्रेणीत कास्तिया पहिली आली आणि बिल्बाओचा राखीव संघ दुसरा. दोघांनाही बढती नाही, कारण थोरले वर बसलेले. बक्षीस मिळालं ते संघाला नाही, पोरांना. त्या कास्तियातले बुत्रागेन्यो, मिचेल, सांचिस पुढे रेआलचा कणा झाले. हे अन्यायाचं वाटतं खरं, पण राखीव संघाचं काम जिंकून वर जाणं हे नाहीच. आपल्याकडे क्रिकेटमध्ये बारावा गडी पाणी घेऊन मैदानात जातो. तिकडे त्याला दर आठवड्याला खरा सामना आहे, हरला तर खालच्या श्रेणीत घसरण्याची धास्ती आहे, आणि अंगावर येणारा प्रतिस्पर्धी तिशी ओलांडलेला, खेळावर घर चालवणारा माणूस आहे.

प्रशिक्षकही तिथेच पिकतात. ग्वार्दिओला 2007 मध्ये बार्सिलोनाच्या राखीव संघाकडे आला तेव्हा तो संघ चौथ्या श्रेणीत होता. वर्षभरात त्याने बढती मिळवली आणि पुढच्या मोसमात थोरला संघ त्याच्या हाती आला. झिदानने कास्तियापासूनच सुरुवात केली. आणि आपल्या ओळखीचे मानोलो मार्केझ? कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासचा राखीव संघ 2017 मध्ये त्यांनी तिसऱ्या श्रेणीत नेला. क्लबने लगेच पहिला संघ सोपवला, थेट ला लीगात. सप्टेंबर संपायच्या आत ते पायउतार झाले. 2020 मध्ये ते हैदराबादला आले.

हैदराबाद एफसी हा क्लब मुळात पुण्याच्या जागेवर उभा राहिलेला. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला. त्याची इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) जागा हैदराबादने घेतली आणि आशिष राय, निखिल पुजारी असे खेळाडूही बालेवाडीहून गच्चीबावलीला आले. पहिल्या मोसमात हा संघ तळाला होता. मानोलोंनी येऊन कोवळ्या भारतीय पोरांना नियमित खेळवायला सुरुवात केली, आणि राखीव संघ चालवलेल्या माणसाचा हात तिथे दिसतो. लिस्टन कुलासो, आकाश मिश्रा याच काळात नावारूपाला आले.

20 मार्च 2022, मडगावचं फातोर्डा. आयएसएलचा अंतिम सामना, समोर केरळ ब्लास्टर्स, हैदराबाद 0-1 ने मागे. 88 व्या मिनिटाला बदली म्हणून आलेल्या गोव्याच्या साहिल ताव्होराने चेंडू जमिनीवर पडायच्या आत लाथाडला तो थेट जाळ्यात. मग पेनल्टी, आणि गोलात दुसरा गोयंकार, लक्ष्मीकांत कट्टीमणी. त्याने तीन फटके अडवले आणि हैदराबादने 3-1 ने चषक घेतला.

त्याच वसंतात गोव्यात रिलायन्स फाउंडेशनची डेव्हलपमेंट लीग पहिल्यांदा भरली. हैदराबादची पोरं तिथेही होती. आठ संघ, प्रत्येकाला सात सामने, महिन्याभरात खेळ खलास. स्पेनच्या तिसऱ्या श्रेणीत कास्तियाला मोसमात 38 सामने मिळतात. पुढे आपली स्पर्धा वाढली, हे कबूल. पण वयाने बरोबरीच्या पोरांशी खेळून पोरगा तयार होतो यावर माझा विश्वास नाही. 2017-18 मध्ये आयएसएलच्या राखीव संघांना आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत घेतलं होतं, बढतीचा हक्क न देता. पुण्याचाही राखीव संघ त्यात होता. ती वाट बरोबर होती.

तयारी पुरी पडते की नाही, हे 2023-24 मध्ये दिसलं. हैदराबाद एफसीत पगार थकले, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली, परदेशी आणि नावाजलेले भारतीय खेळाडू एकेक करून निघून गेले. मानोलो त्याआधीच गोव्याला गेले होते. प्रशिक्षक थांगबोई सिंगतो यांनी मग राखीव संघातल्या पोरांना हाताशी धरून मोसम रेटला. 22 सामन्यांत एक विजय, पाच बरोबरी, 8 गुण. अब्रू गेली असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. जी पोरं सात-आठ सामन्यांच्या स्पर्धांवर वाढली, त्यांना एकदम देशातल्या सगळ्यात वरच्या साखळीत लोटलं, आणि तरी त्यांनी एकही सामना सोडून दिला नाही. पुढच्या मोसमात सिंगतोही गेले. तेव्हा संघ हाती आला तो राखीव संघाचेच प्रशिक्षक शमील चेंबकत यांच्या.

2025 मध्ये क्लब दिल्लीला गेला, नावही बदललं. पुण्याची जागा हैदराबादला आली तशी हैदराबादची दिल्लीला. रहीमसाहेबांचा संघ असा उचलून नेता आला नसता, त्याची दुसरी टीम काचीगुडा-चादरघाटच्या गल्ल्यांत राहत होती. आता इथल्या पंधरा वर्षांच्या पोराला वर चढायचं तर शहरात आयएसएलमध्ये खेळणारा पहिला संघ नाही, आणि म्हणून त्याचा दुसराही नाही.